बुडबुडा आला नाही

"बाबा आज संध्याकाळी चौकीत जाणार आहेत. माणूस मारला अशी कबुली द्यायला," दारातली मुलगी म्हणाली. "आणि त्यांनी तो मारलेला नाही."

मावशींनी तिला आत घेतलं. विमा कंपनीत खोटे दावे पकडता पकडता त्यांचे केस पिकले होते. आता त्या खासगी चौकशा करत. गाडी चालवायला आणि चुकीचे निष्कर्ष काढायला जावईबापू सोबत असत. दोन्ही कामं ते मनापासून करत.

मुलीचे वडील मनगटी घड्याळं पाण्यात टिकतात की नाही ते तपासायचे. सगळे त्यांना बुडबुडेकाका म्हणत. त्यांनी पास केलेलं एक घड्याळ हातावर बांधून एक पाणबुड्या बंदरात उतरला, खाऱ्या पाण्यात जहाजाचा तळ खरवडायला. वर काढला तेव्हा तो गेलेला होता. सिलिंडरमधली हवा संपली होती. घड्याळाच्या काचेखाली पाणी निघालं, काटे थांबलेले. काल त्याची बायको ते घड्याळ काकांच्या टेबलावर ठेवून गेली. "हे तुमचं पास," एवढंच म्हणाली.

"तेव्हापासून त्यांनी घास गिळलेला नाही," मुलगी म्हणाली.

तपासणीच्या खोलीत दिवा एकच होता. काका दाराकडे पाठ करून अंधारात बसले होते.

"घड्याळाच्या कडेची चावी कशी होती?" मावशींनी विचारलं.

"घट्ट बसवलेली. पाण्यात जायचं तर ती आत दाबून आटे फिरवावे लागतात. सैल राहिली की पाणी शिरलंच. मागच्या झाकणावरचा माझा लाखेचा ठिपकाही शाबूत आहे. झाकण कोणी उघडलेलं नाही. म्हणजे चूक माझीच."

"आता पुन्हा तपासा बघू."

काकांनी घड्याळ काचेच्या नळकांड्यात पाण्याच्या वर टांगलं आणि हवेचा दाब वाढवला. घड्याळाला कुठे फट असेल तर हवा आत शिरते. मग ते पाण्यात सोडून दाब कमी केला की तीच हवा बुडबुडे होऊन बाहेर येते. घड्याळ पाण्यात उतरलं. चौघं बघत राहिले.

एकही बुडबुडा आला नाही.

"यंत्र बिघडलं असेल," काका म्हणाले. स्वतःला फासावर चढवायला निघालेला माणूस यंत्राचंही ऐकत नाही.

मावशींनी त्यांच्याकडून झाकण उघडून घेतलं, आतल्या पाण्याचा एक थेंब काचेच्या पट्टीवर ठेवला आणि पट्टी दिव्याजवळ धरली. थेंब वाळला. काच होती तशी झाली. मावशींनी ती रुमालात गुंडाळली. सासूबाईंना काच आवडली असावी, असं जावईबापूंना वाटलं.

पाणबुड्याच्या घराच्या जिन्यात मावशींनी झाकण पुन्हा बसवलेल्या घड्याळाची चावी सैल करून बाहेर ओढून ठेवली.

"आई, पडेल ती."

"नाही पडत. तुम्ही फक्त बघत राहा."

घरात पडदे ओढलेले होते. पाणबुड्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. शेजारी तिचा धाकटा भाऊ. होडीवर राहून मेव्हण्याचे सिलिंडर भरायचं काम त्याचं.

मावशींनी घड्याळ तिच्या हातात दिलं. तिने ते गालाला लावलं. "निघताना भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून गेले. चालू होतं तेव्हा."

"हातातून कोणी काढलं?"

"यानंच. मग संध्याकाळी माझ्याकडे दिलं."

भावाने घड्याळ घेतलं, सदऱ्याला पुसलं. "सिलिंडरमधली हवा दाखवणारा काटा कधीचा बंद," बोलता बोलता त्याच्या अंगठ्याने चावी आत दाबली, आटे फिरवले. "खाली किती वेळ झाला ते दाजी घड्याळावरच बघायचे. ते थांबलं, त्यांना वाटलं अजून वेळ आहे. त्या म्हाताऱ्याला सोडू नका." त्याने घड्याळ परत केलं.

"याला जास्त विचारू नका," ती हळूच म्हणाली. "त्यांना घरी आणलं तेव्हा यानं बाथरूममध्ये कोंडून घेतलं. नळ सोडून रडत होता, मला ऐकू जाऊ नये म्हणून."

परत जाताना जावईबापूंनी निकाल दिला. "यंत्रच बिघडलंय, आई."

"दोघांना दुपारी काकांकडे घेऊन या," मावशी म्हणाल्या.

दुपारी त्या अंधाऱ्या खोलीत सगळे जमले. काकांनी चौकीत जायला स्वच्छ सदरा घातला होता.

"या घड्याळात आजही बाहेरून पाणी शिरत नाही," मावशी म्हणाल्या. "झाकणावरची लाख शाबूत होती. म्हणजे चावी उघडून पाणी आत घेतलं आणि चावी पुन्हा घट्ट बसवली."

"पाणबुड्याच विसरला असेल," जावईबापू म्हणाले, "मग कोणीतरी बसवली."

"तर आत समुद्राचं पाणी असतं. खारं पाणी वाळलं की पांढरं मीठ राहतं." मावशींनी रुमाल उलगडला. "ही काच बघा. हे नळाचं पाणी. दाजी घरून निघाले तेव्हा घड्याळ चालू होतं, म्हणजे ते नंतर भरलं. घड्याळ हातातून काढल्यावर आणि ताईंच्या हातात येण्याआधी. नळ सोडून."

भाऊ हसला. "मी कशाला करू असं?"

"ज्याला सवय नाही तो चावी उघडीच ठेवतो. सकाळी मी ती ओढून दिली. ताईंनी हात लावला नाही. तुम्ही बोलता बोलता बसवलीत. पाण्यावर काम करणाऱ्याचा अंगठा न विचारता ते करतो. त्या दिवशीही त्यानं केलं. चावी उघडी राहिली असती तर दोष दाजींच्या विसरण्यावर गेला असता आणि मीही फसले असते. हवा वेळेआधीच संपली, तो दोष घालायला तुम्हाला थांबलेलं घड्याळ हवं होतं. सिलिंडर किती भरला होता?"

भाऊ बहिणीकडे वळला.

"पंप अडकला होता," भाऊ म्हणाला. "निम्मा भरला. पुरेल असं वाटलं. ताई, मी मुद्दाम नाही केलं."

"आणि हे काका?" ती म्हणाली. "यांना तुरुंगात धाडत होतास, ते?"



काका खाली बसले. मुलीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ते रडत होते. सुटलो म्हणून की त्या बाईसाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पाणबुड्याच्या बायकोने घड्याळ उचलून आपल्या मनगटावर बांधलं. ते फारच सैल होत होतं.

"नळ चालू होता तेव्हा मी दाराबाहेर बसले होते," ती भावाला म्हणाली. "तुला कोणी हाक मारू नये म्हणून."