गाडी का थांबवली?

त्याने माझ्या हातातून माझ्याच गाडीची चावी काढून घेतली, आणि मला त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. आमची पहिली भेट ही अशी!

बाबा जिन्याच्या पायरीवर बसले होते. घामाने निथळत, एक हात छातीवर, चेहरा राखेच्या रंगाचा. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. अँब्युलन्सला फोन केला होता, पण वाट बघवेना, म्हणून मीच त्यांना धरून खाली चालवत आणलं होतं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते मी, मला कशाला हवी कुणाची अँब्युलन्स?

"यांना आता एक पाऊलही चालवायचं नाही," तो म्हणाला. अँब्युलन्सचा डॉक्टर. माझ्याच वयाचा असेल.

"अहो, हॉस्पिटल कोपऱ्यावर आहे! मी नेते ना—"

"तुम्ही गाडी चालवाल. वाटेत यांचं हृदय थांबलं, तर कोण बघेल?"

इतक्या शांतपणे कुणी असलं बोलतं? थंडोबा मेला! मी मनात त्याचं बारसं करून टाकलं.

तिथेच, जिन्यावर, त्याने बाबांच्या छातीला वायरी चिकटवल्या. मशीनमधून कागद सरकत बाहेर आला. त्याने बाबांना एक गोळी चावायला दिली आणि माझ्याकडे वळला.

"हृदयाची एक रक्तवाहिनी बंद झालीय. कोपऱ्यावर ती उघडायची सोय नाही. पुलापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं."

"एवढ्या लांब? आणि... वाटेत काही झालं तर?"

त्याने पुन्हा त्या कागदाकडे पाहिलं. क्षणभरच.

"होऊ शकतं," तो म्हणाला. "पण इथे नेलं तरी पुन्हा तिकडेच पाठवतील. तेवढा वेळ नाही त्यांच्याकडे."

मी नुसती मान हलवली. बाबांना खुर्चीत बसवून उचललं, तेव्हा ते पुटपुटले, "ड्रायव्हरसाहेब, हळू चालवा हो... आमची पोरगी सुसाट नेते."

पुलावर पोचलो आणि बाबा बोलायचे थांबले. डोळे उघडे, पण नजरेत मी नव्हते.

"काका, बाजूला घ्या! थांबवा!" थंडोबा ओरडला.

सायरन बंद. गाडी पुलाच्या कडेला उभी.

"गाडी का थांबवली?" मी किंचाळले. "चालवा ना! अहो, चालवा!"

"हलत्या गाडीत शॉकचं मशीन चुकतं," तो म्हणाला. तोवर त्याचे दोन्ही हात बाबांची छाती दाबू लागले होते. ड्रायव्हरकाका धावत मागे चढले. "हात काढा सगळ्यांनी!"

बाबांचं अंग उसळलं. पुन्हा छातीवर हात. दाब, दाब, दाब... शेजारून गाड्या जात होत्या, हॉर्न वाजत होते, जगाचं सगळं नीट चाललं होतं. आणि माझे बाबा—

"आई गं..." बाबा कण्हले.

मी थंडोबाकडे पाहिलं. त्याचे हात थरथरत होते.

मोठ्या हॉस्पिटलात बाबांची रक्तवाहिनी उघडली. बाबा घरी आले, पथ्याच्या नावाने कुरकुरू लागले. आणि एका सकाळी ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात थंडोबा!

"गाडी शिकायचीय."

"अँब्युलन्समध्ये काम करता आणि गाडी येत नाही?"

"मी मागे बसतो, मॅडम. पुढचं सगळं काकांकडे."

"मग काकांकडेच शिका की!"

"काका ओरडतात."

"मी काय ओवाळते?"

तो हसला. हसताना चक्क लाजला. आणि मी फॉर्म त्याच्यापुढे सरकवला.

त्याचा क्लच म्हणजे नुसते गचके. एके दिवशी त्याने कशीबशी गाडी पुलावर आणली आणि मागून सायरन आला. माझा पाय माझ्या बाजूच्या ब्रेककडे गेला. अँब्युलन्स पुढे निघून गेली, पाय तिथेच.

"अजून भीती वाटते?" त्याने विचारलं.

"रोज. बाबा झोपले की जाऊन श्वास बघते."

"तुम्ही विचारलं होतं ना, वाटेत काही झालं तर?" त्याची नजर रस्त्यावर होती. "झालंच ते. निर्णय माझा होता. ते परत आले नसते, तर... रोज ऐकू येतो मला तुमचा तो प्रश्न."

त्याने आरसा बघितला, इंडिकेटर दिला, आणि एकही गचका न देता गाडी कडेला घेतली.

"गाडी का थांबवली?"

"चालवताना सांगितलं, तर नक्की कुठेतरी धडकवेन." त्याने इंजिन बंद केलं. "मला... तुम्ही आवडता. खूप. आणि त्या दिवसाइतकीच भीती वाटतेय आत्ता."

स्टिअरिंगवरचे त्याचे हात थरथरत होते. तस्सेच.

"थंडोबा," मी म्हटलं, "आधी हँडब्रेक ओढ."

त्याने ओढला. मग मी त्याच्या हातावर माझा हात ठेवला... तोही थरथरतच होता.