फुटकी घंटा आणि आजीची पेटी

“जाम नदी झाली, स्टेशन झालं, ‘जिल्हा पांढुर्णा’ लिहिलेली नवी पाटी तर दोनदा झाली! आता काय दाखवायचं हिला?” सौरभनं कपाळाला हात लावला.

“बस्स? संपलं तुमचं साइटसीइंग?” डिंपल नदीच्या काठावर पाय सोडून बसत म्हणाली.

डिंपल म्हणजे सौरभ आणि प्राजक्ताची आतेबहीण. राहायला थेट अमेरिकेत, फिलाडेल्फियाला. नाताळच्या सुट्टीत आली होती, आणि यंदा दत्तजयंतीही नेमकी याच सुट्टीत आली होती.

“इतकी ऐट करून राहिली, तर तुमच्या गावात काय आहे ते सांग ना!” सौरभ म्हणाला.

“आमच्याकडे? जिथे अमेरिका स्वतंत्र झाल्याचं ठरलं, ती बिल्डिंग आहे. जुन्या विटांची घरं असलेली गल्ली आहे. आणि घंटा आहे, लिबर्टी बेल. केवढा मोठा! त्याला तडा गेलाय.”

“‘केवढा मोठा’ नाही, ‘केवढी मोठी’,” प्राजक्तानं दुरुस्ती केली.

“ओके, केवढी मोठी! लोक लांबून येतात, लाइन लावतात तिला बघायला.”

“आणि वाजते कशी?”

“वाजत नाही. तडा वाढला, तेव्हापासून वाजवतच नाहीत.”

सौरभ उडालाच! “म्हणजे फुटकी घंटा पाहायला लोक लाइन लावून राहिले? काऊन?”

डिंपलनं खांदे उडवले. “माहीत नाही. पण तिच्यापुढे सगळे एकदम शांत उभे राहतात.”

त्याच घंटेची मुठीएवढी पितळी प्रतिकृती डिंपलनं आजोबांसाठी, म्हणजे बापूजींसाठी आणली होती. तडासुद्धा हुबेहूब! देताना तिनं त्यांना घंटेची सगळी गोष्टही सांगितली होती. काल संध्याकाळी मोरेश्वरकाकांनी नाक मुरडलं, “फुटकी वस्तू, अन् तीही सणाच्या तोंडावर!” पण बापूजींनी ती घंटा घेतली आणि स्वतःच्या हातानं पेटीच्या कडीला बांधली. “राहू दे रे. तुझ्या आईला पाहुण्यांचं भारी कौतुक होतं,” एवढंच म्हणाले.

पेटी आजीची होती. बापूजी कीर्तनाला उभे राहायचे आणि आजी शेजारी पेटीवर बसायची, अशी सारी हयात गेली. त्यांनी चरण उचलायचा, तिनं तो अलगद झेलायचा. चैत्रात आजी गेली आणि बापूजींच्या चिपळ्या खुंटीला टांगल्या गेल्या, त्या टांगल्याच राहिल्या. कोणी विनंती केली की म्हणायचे, “माझा सूर गेला, बाबा.” पण नात एवढ्या लांबून आली म्हणून ते एका कीर्तनाला तयार झाले होते. सौसरच्या दत्तमंदिरात, आज, दत्तजन्माच्या आधी. पेटीवर बसणार होती प्राजक्ता. आजीनंच तिला शिकवलं होतं.

“पेटीला नजरेआड करू नको गं,” बापूजींनी सकाळीच बजावलं होतं. प्राजक्ता ओट्यावर पेटीजवळ बसूनही होती. पण काका दाढीचा फेस पुसत म्हणाले, “जा गं, फिरवून आण पाहुणीला. मी आहे ना!”

मग ती गेली.

---

दुपारी सगळे सौसरला पोचले. सतरंज्या, समया आणि पेटी घेऊन जीप आधीच पुढे गेली होती. वाटेत काकांनी मंदिराची सगळी व्यवस्था पाहणाऱ्या अंबाबाईंना फोन लावला.

“अंबाबाई, पेटी पोचली का?”

“पोचली ना बाप्पा! एकदम गोड आहे!”

“पाहा!” काका बापूजींकडे वळून म्हणाले, “वाजवूनही पाहिली त्यांनी!”

बापूजी हसले. किती महिन्यांनी! प्राजक्ताला वाटलं, दत्तमहाराजांनी ऐकलं आपलं.

मंदिरात फुलांच्या माळा लागल्या होत्या. पाळणा सजला होता. बापूजी गाभाऱ्यापुढे डोळे मिटून बसले. “जा गं, पेटी काढून ठेव. सूर पाहून घे.”

प्राजक्ता सभामंडपात गेली. तबला होता, झांजा होत्या. पेटी नव्हती.

“अंबाबाई, पेटी कुठे आहे?”

“हे काय!” अंबाबाईंनी पायाशी बोट दाखवलं. तिथे एक लाकडी पेटी होती. झाकण उचकटलेलं. आत अर्धीअधिक संत्री! “अर्धी प्रसादाला कापली. तुझ्या काकाला सांगितलं ना मी, एकदम गोड म्हणून!”

प्राजक्तानं वाकून आत पाहिलं.

“ताई,” सौरभ हळूच म्हणाला, “ही ती पेटी नाही!”

“मला दिसून राहिलं ना!”

काकांना बोलावलं. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. सकाळी ओट्यावर त्यांच्या बागेतल्या संत्र्यांच्या पेट्या रचलेल्या होत्या, शेजारी आजीची पेटी. ट्रकवाल्या गजाननला ते आतूनच ओरडले होते, “ओट्यावरची पेटी जीपमध्ये टाक अन् बाकी चढव ट्रकवर!” त्यानं एक पेटी जीपमध्ये टाकली. बाकी चढवल्या ट्रकवर. सगळ्याच्या सगळ्या!

“तुम्ही पाहिलं नाही, काका?” प्राजक्तानं विचारलं.

“अगं, मी फोनवर होतो.” त्यांनी गजाननला फोन लावला. बंद! परत लावला. बंद! शेवटी त्यांनी घाम पुसला. “आता गाडी नागपूरच्या पार गेली असेल. हे पाहा, रडू नको. मी सौसरातून दुसरी मागवतो. पेटी म्हणजे पेटी!”

दारात बापूजी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते काही रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं! ते खांबाला धरून खाली बसले आणि जमिनीकडे पाहत म्हणाले, “चैत्रात एकदा गेली. आज परत गेली. दुसरी कोणाची मागवतो रे, मोरेश्वर?”

मग त्यांनी झोळीतल्या चिपळ्या काढून अंबाबाईंच्या हातात दिल्या. “आजचं कीर्तन दुसऱ्या कोणाला सांगा.”

प्राजक्ताला वाटलं, आपण त्या ओट्यावरून उठलो नसतो तर! एवढंच तर सांगितलं होतं त्यांनी. एवढंच!

---

“थांबा!” सौरभ एकदम म्हणाला. “गजानन बोरगावला थांबणार आहे! तिथल्या गोदामातून अजून माल भरायचा आहे अन् तिथंच जेवायचं आहे. सकाळी तो कोणाला तरी सांगत होता, मी ऐकलं!”

“लेकरांचं काय ऐकता!” काका पुटपुटले. “ट्रक काय तुमच्यासाठी थांबून राहिला?” आणि ते पुन्हा तोच बंद फोन लावत बसले.

अंबाबाई मात्र उठल्या. त्यांच्या ओळखीचा ऑटोवाला राहुल बाहेरच होता. “जा रे, लेकरांना बोरगावला ने. अन् दिवस मावळायच्या आत आण! मावळताना जन्म आहे. तोवर मी कोणालाच उभं करत नाही.”

ऑटो खडखडत निघाला. सौरभ बडबडत होता, डिंपल बाहेर पाहत होती. प्राजक्ता येणारे-जाणारे ट्रक न्याहाळत होती. प्रत्येक ट्रक समोरून निघून गेला की तिला वाटायचं, हाच होता, गेला!

बोरगावला गोदामापुढे पाच-सहा ट्रक उभे होते. सगळ्यांवर ताडपत्री. सगळे सारखे.

“नंबर माहीत आहे?” राहुलनं विचारलं.

कोणालाच माहीत नव्हता. प्राजक्ता एकेक ताडपत्री पाहत गेली. संपलं. उन्हं तर कलायला लागली होती.

“प्राजू! बघ! बघ ना!” डिंपल किंचाळली.

तिसऱ्या ट्रकच्या नाकावर लिंबू-मिरची टांगली होती. आणि लिंबाच्या खाली, उन्हात चमकत, तडा गेलेली पितळी घंटा!

गजानन विडी ओढत बाजेवर बसला होता. “तुमची पेटी? अरे, पूरी गाडी पेट्यांचीच आहे! कोणती म्हणता? मी नाही पाहिली बाजाची पेटी-बिटी. पळा!”

प्राजक्ता हात जोडणार होती. पण सौरभनं तिला मागे सारलं आणि अगदी भोळा चेहरा केला.

“गजाननभाऊ, घंटी मस्त आहे हो! कुठून घेतली?”

“ही? माझ्या पोरीनं आणली. रामटेकच्या जत्रेतून.”

“अरे वा! त्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलंय. रामटेकच लिहिलं असेल, नाही?”

“मंग? रामटेकच!”

“डिंपल, वाच गं जरा.”

डिंपलनं टाचा उंचावल्या आणि मोठ्यानं वाचलं, “फि-ला-डेल्फि-या!”

बाजूचे हमाल खो-खो हसले. “गजानन, तुझी पोरगी फिलाडेल्फियाला कधी गेली बे?”

गजाननची विडी विझली. “आता... कडीला लटकली होती. छान दिसली म्हणून काढली. चोरी नाही केली बाप्पा! शेटनी सांगितलं चढव, मी चढवली. पेटी म्हणजे पेटी! मला काय माहीत आतमध्ये काय वाजते?”

“कुठे ठेवली?”

गजानननं मान खाली घातली. “पहिलीच चढवली ना. एकदम खाली.”

मग मात्र तोच सगळ्यात आधी वर चढला. हमालही हसायचे थांबून मदतीला आले. एकेक पेटी खाली उतरू लागली. शेवटी ती दिसली.

प्राजक्तानं झाकण उघडलं. वरच्या ओझ्यानं फळी दबून पट्ट्यांवर बसली होती. अर्ध्याहून जास्त पट्ट्या चेपल्या होत्या. भाता कडेनं फाटला होता. तिनं तो हलवून पाहिला. दमेकऱ्यासारखी हवा आली आणि गेली. सूर नाही.

“मिळाली ना, ताई?” सौरभ हळूच म्हणाला.

मिळाली होती. त्यामुळेच तर रडू आवरत नव्हतं.

---

दिवस मावळतीला आला होता. मंडप खचाखच भरला होता आणि अंबाबाई दारात उभ्या होत्या. मुलांना पाहताच काका धावत आले, “सापडली! पाहा हो, माझ्या पुतण्यांनी शोधून आणली! शाब्बास रे वाघांनो!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. सौरभच्या पाठीवर थापा पडल्या. प्राजक्तानं कोणाकडे पाहिलं नाही. ती सरळ बापूजींपुढे गेली, पेटी ठेवली आणि म्हणाली, “बापूजी, ती वाजत नाही. मी उठले म्हणून.”

बापूजी पेटीवर हात फिरवत राहिले. चेपलेल्या पट्ट्यांवरून, फाटक्या भात्यावरून. मंडपातल्या टाळ्या थांबल्या.

“डिंपल,” ते म्हणाले, “तुमच्या त्या घंटेसमोर लोक काय करतात, म्हणालीस?”

“शांत उभे राहतात, बापूजी.”

त्यांनी एकेक पट्टी दाबून पाहिली. मुकी. मुकी. मग ‘काळी एक’ दाबली. ही पट्टी म्हणजे त्यांचा ‘सा’. याच सुरावर आजी त्यांना धरून ठेवायची. आतून काहीतरी कण्हलं.

“सौरभ, फाटलंय तिथं तळहात दाबून धर. डिंपल, तू इकडून. प्राजू, हलव.”

चार तळव्यांखाली भाता फुगला. आणि सूर आला! बारीक, घोगरा, थरथरता, पण सूर!

बापूजींनी अंबाबाईंपुढे हात केला. त्यांनी चिपळ्या दिल्या. बापूजी उभे राहिले.

त्या कीर्तनात पेटीनं एकही चरण झेलला नाही. फक्त एक सूर धरून राहिली. बापूजींचा आवाज मधेच अडकायचा, थांबायचा, मग त्या एका सुराचा आधार घेऊन पुढे सरकायचा. पूर्वरंगात त्यांनी सांगितलं, “सातासमुद्रापार एक घंटा आहे, माय-बापहो. फुटली, मुकी झाली, तरी लोकांनी तिला टाकली नाही.” मग ते अनसूयामातेच्या आख्यानावर आले. मुलांच्या हातांना मुंग्या आल्या होत्या, पण एकानंही हात काढला नाही. सूर्य मावळला, पाळणा हलला, गुलाल उधळला, दत्तनामाचा गजर झाला. आणि त्या गजरात कधीतरी भाता उभाच्या उभा फाटला. प्राजक्ता हलवत राहिली. काहीच येत नव्हतं.

बापूजींनी खाली वाकून तिचा हात थांबवला.

“पुरे, बाळा. आता जाऊ दे तिला.” मग सगळ्यांदेखत त्यांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून तिघांच्या ओंजळीत ठेवला. “आजचं कीर्तन माझं नव्हे. या लेकरांचं होतं.”

काकाही पुढे आले. पोरांसमोर कान पकडून म्हणाले, “पेटी म्हणजे पेटी नसते रे. चुकलं माझं.”

सगळा मंडप कौतुकानं बोलत होता. प्राजक्ताला मात्र आपल्या रिकाम्या बोटांशिवाय काही जाणवत नव्हतं.

---

त्यानंतर बापूजी कीर्तनाला उभे राहिले नाहीत. चिपळ्या त्यांनी सौरभला दिल्या. तो त्या बेतालच वाजवतो, पण रोज वाजवतो. पेटी सौसरच्या मंदिरातच राहिली, एका कोनाड्यात, कडीला फुटकी घंटा बांधून. जवळच्या जामसावळीच्या हनुमानाला आलेले पाहुणे कधीकधी इकडेही वळतात. अंबाबाई त्यांना पेटीची गोष्ट सांगतात. डिंपल फोनवर दरवेळी विचारते, “लाइन लागते का गं?”

परवा प्राजक्ता तिथेच होती. एक लहान मुलगा पट्ट्यांवर बोटं मारत होता.

“ताई, ही वाजते का?”

“नाही रे.”

“मंग ठेवली काऊन?”

प्राजक्तानं त्याचा हात धरून त्याला पेटीसमोर नीट उभं केलं.

“जरा शांत उभा राहा,” ती म्हणाली, आणि स्वतःही त्याच्याशेजारी उभी राहिली.