अकरा मिनिटांचा भीमपलास

गोष्ट सुरू झाली ती अगदी साध्या कामापासून. मावशीच्या माळ्यावर जुन्या टेपचं एक चक्र पडून होतं आणि भाचीला ते स्वच्छ करायचं होतं.

भाची सहा वर्षं लांब शिकून परतली होती. जुन्या ध्वनिमुद्रणांची दुरुस्ती हा तिचा विषय. घराघरांत बुरशी खात पडलेलं गाणं एकेक करून वाचवायचं, असं तिनं परतीच्या प्रवासातच ठरवून टाकलं होतं. घरच्यांच्या मते हे रिकामपणचे उद्योग होते. मावशीला मात्र तसं वाटत नव्हतं. तिच्या ध्वनिमुद्रणांपैकी एवढं एकच उरलं होतं. ऐन तिशीतलं, घरच्या बैठकीतलं, काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, स्वतः केलेलं. काकांना जाऊन आता नऊ वर्षं झाली होती.

टेप एकदाच वाजली. वाजता वाजता तिच्यावरचा तपकिरी थर सुटला आणि यंत्रावर त्याची भुकटी झाली. पण तेवढ्यात भाचीनं गाणं संगणकावर उतरवून घेतलं होतं. मग सात दिवस खपून तिनं खरखर काढली, रस्त्यावरच्या गाडीचा भोंगा काढला. नवव्या मिनिटाला कोणीतरी एकदाच, जपून खोकलं होतं, तेही काढलं. आणि मूळ प्रत पुसून टाकली. मळकी प्रत हाताशी असली की लोक आळसानं तीच ऐकतात, असं तिचं ठाम मत होतं. राहिला तो अकरा मिनिटांचा भीमपलास, काचेसारखा लख्ख.

तो तिनं फोनवरच्या गटात टाकला. 'सध्या काय ऐकताय' असं गटाचं नाव. काय ऐकतोय, कोणाचं, किती मिनिटं, एवढंच लिहायचं, बाकी पाल्हाळ नको. हे नियम भाचीनं केले होते, म्हणूनच बहुधा कोणी पाळत नव्हतं. खालच्या मजल्यावरचे शिंपी, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, सतार ऐकत आणि गटावर फुलांची चित्रं टाकत. समोरच्या इमारतीतले दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडात कापूस कोंबून चेलोवादन लावत आणि मिनिटांचा आकडा हमखास चुकवत. भाचीचं नाव या दोघांनी इस्त्रीबाई ठेवलं होतं. का, तर ती गाण्याच्या सुरकुत्या काढते.

सोमवारी डॉक्टरांनी लिहिलं, "सध्या: मावशींचा भीमपलास. चौदा मिनिटं. तृप्त."

"अकरा," भाचीनं उत्तर दिलं.

मंगळवारी दुपारी मास्तरांनी लिहिलं, "भीमपलास. एकोणीस मिनिटं. कोटाची बाही लागली तरी चालूच."

भाचीनं कपाळाला हात लावला. समोर दिसणारा आकडा वाचता येत नाही आणि म्हणे संगीताचे रसिक. ती तणतणत जिना उतरली.

"मास्तर, अकरा मिनिटं आहेत हो ती."

"चाळीस वर्षं मापं घेतोय, इस्त्रीबाई. मला माप शिकवू नका." मास्तरांनी तोंडातली टाचणी काढून उशीला टोचली. "ऐका की. चालूच आहे."

फोन कापडाच्या ताग्यावर ठेवलेला होता. आकडा तेवीस मिनिटं दाखवत होता. बघता बघता चोवीस झाला.

तोच आवाज, तोच राग. पण या ताना तिनं सात दिवसांत एकदाही ऐकल्या नव्हत्या. त्या वरून जोडलेल्या नव्हत्या, परत परत वाजतही नव्हत्या. मावशी पुढे गात होती. टेपवर जे कधी नव्हतंच, ते गात होती. आवाज दमत चालला होता. दोन स्वरांमधला श्वास आता शिवणयंत्राच्या वरताण ऐकू येत होता.

भाची उलट्या पावली वर धावली. मावशी पलंगाच्या कडेला बसली होती, छातीवर हात धरून.

"काल दुपारी पण असंच झालं गं, मधेच क्षणभर श्वासच अडकला," ती म्हणाली. "आज जास्त आहे. कोणीतरी पळवत नेल्यासारखं... दम पुरत नाही."

काल दुपारी डॉक्टरांनी ऐकलं होतं. भाची जिन्याच्या कठड्यावरून वाकली. "मास्तर, बंद करा ते."

गाणं थांबलं.

आणि मावशीचा श्वासही थांबला. तोंड अर्धवट उघडं, डोळे भाचीवर रोखलेले, श्वास धड आत नाही, धड बाहेर नाही. हात पुढे केलेला तसाच राहिलेला.

"लावा... मास्तर, परत लावा. आणि वर घेऊन या."

खालून स्वर उमटला आणि मावशीची छाती हलली. मास्तर जिना चढून आले. गात्या फोनकडे ते निखारा धरल्यासारखे बघत होते. रोगी तसाच खुर्चीत ठेवून डॉक्टरही आले. त्यांनी नाडी बघितली आणि रुग्णवाहिका बोलावली. मग ते हळूच म्हणाले, "गाडीला वेळ लागेल यायला..."

आकडा एकतीसवर गेला.

"खोकला कुठाय?" मावशीनं विचारलं.

"कुठला?"

"ह्यांचा. टेप संपायला दोन मिनिटं उरली की हे खोकायचे. बोलले तर टेपवर येणार ना... म्हणून खोकायचे. मग मी आवरतं घ्यायची." ती दोनदा थांबली. "खोकला ऐकल्याशिवाय मी कधी थांबलेच नाही. कशी थांबणार? गाताना भान असतं होय..."

"मी काढला तो."

"का गं?"

भाचीकडे उत्तर होतं. सहा वर्षं शिकलेलं, दाखल्यांसकट. ते तिला सांगवेना. "घाण वाटली म्हणून," ती म्हणाली.

मावशी रागावली नाही. तिला तेवढाही दम नव्हता.

मग तीन मोठी माणसं त्या फोनसमोर बसून खोकली. आधी भाची, मग मास्तर, मग डॉक्टर. आळीपाळीनं, मोठ्यानं, हलकेच. एरवी कोणी पाहिलं असतं तर हसून पुरेवाट झाली असती. फोनमधली मावशी मात्र गातच राहिली. अडतीस. एकोणचाळीस. पलंगावरच्या मावशीचे ओठ निळे पडत चालले.

भाचीचा संयम संपला. स्वतःवरचा, या दोघांवरचा, सगळाच वैताग एकदम बाहेर आला. "काका, मी चुकले," ती म्हणाली. "आता तुम्ही काय तो गोंधळ आवरा. ती फक्त तुमचंच ऐकते."

फोनमधलं गाणं चालूच राहिलं.

मग कोणीतरी खोकलं. एकदाच, जपून. फोनमधून नाही. खिडकीजवळच्या स्टुलावरून, जिथं कोणीच बसलं नव्हतं. जुन्या टेपच्या भुकटीचा आंबूस वास खोलीत पसरला.

फोनमधल्या आवाजानं ते ऐकलं. एक तान अर्ध्यावर सोडली, मुखडा धरला, हळूहळू खाली आला आणि समेवर विसावला. बरोबर दोन मिनिटं लागली. मास्तरांनी घड्याळ बघितलं होतं. मावशीनं पोटभर श्वास घेतला, उशीवर मान टेकली आणि झोपली.

फाईल परत उघडून बघायची कोणाचीच छाती झाली नाही. दोन दिवसांत मावशी हिंडूफिरू लागली. गटावर मास्तरांची फुलं परत आली आणि भाचीनं, नवल म्हणजे, त्यांना नावं ठेवली नाहीत.

गुरुवारी चार वाजता डॉक्टरांनी लिहिलं, "सध्या: चेलो, एकट्याचा. छत्तीस मिनिटं. इस्त्रीबाई, यात मधेच कोणीतरी खोकतं. इतकी वर्षं ऐकतोय, कधी लक्षात आलं नव्हतं. काढून द्याल का?"

परदेशातल्या बंद खोलीत मुद्रित केलेली तबकडी ती. तिथं खोकायला श्रोतेच नव्हते. भाचीनं फोन लावला. पलीकडे चेलो वाजत होता.

"डॉक्टर... खोकला कधी ऐकलात?"

"आत्ताच की. दोनेक मिनिटं झाली असतील. का?"

त्यांच्या मागे चेलोचा एक लांब स्वर खाली खाली आला आणि थांबला. नंतर काहीच वाजेना.

"अरेच्चा," डॉक्टर म्हणाले. "हे इतक्यात संपायचं नव्हतं."