मालतीबाईंचा आवाज

चार्जर विसरला म्हणून उन्नती परत फिरली, नाहीतर तिला कळलंच नसतं.

करंजाड्यातल्या त्या छोट्याशा विद्यापीठात संज्ञापन आणि वृत्तपत्रविद्या विभागाच्या वाट्याला दोन वर्ग आणि एक रेकॉर्डिंग स्टुडिओ आला होता. स्टुडिओचं दार उघडं होतं आणि आतून तिच्या आत्याचा, मालतीबाईंचा आवाज येत होता, तिनंच रिपोर्टसाठी रेकॉर्ड केलेला. म्हणजे आला, आणि बारीक होत होत विझला. त्याच्यावर एका मुलाचा घोटीव आवाज चढला – “आमची खाडी बुजवण्यात आली असून...”

“ती असं बोललीच नाही,” उन्नती दारातूनच म्हणाली.

खुर्चीतला मुलगा दचकून वळला. स्वानंद. शेवटच्या वर्षाचा, वाशीचा. विभागाचे सगळे कार्यक्रम हाच सांगायचा. त्याच्या आवाजावर निम्मा वर्ग जीव टाकत असे. उन्नतीला या क्षणी तोच गळा दाबावासा वाटत होता.

“अर्थ तोच आहे ना,” तो म्हणाला. “विभागप्रमुख सर म्हणाले, गावची बोली ऐकणाऱ्यांना कळत नाही. म्हणून मी वरून...”

“कुठल्या ऐकणाऱ्यांना? तुमची वाशी वसायच्या आधीपासून आम्ही इथं हेच बोलतोय. माझा रिपोर्ट, माझी आत्या, आणि मला न विचारता तू तिला गप्प केलंस?”

“सॉरी. पण मला खरंच नीट कळलं नव्हतं. मी वाशीतच जन्मलोय, तरी.”

“मग तर अजूनच वाईट.”

तो हसला. हसू चांगलं होतं, त्याचाच तिला जास्त राग आला.

“मला ऐकायला ने ना,” तो म्हणाला. “आत्यांकडं. समोर बसून ऐकतो.”

सीनियर लोक असं बोलून विसरतात, असं तिला वाटलं. पण रविवारी तो खरंच आला. द्रोणागिरीच्या कडेच्या त्या गावात, तिच्या अंगणात, चप्पल बाहेर काढून उभा. माईकही आणला नव्हता.

मालतीबाईंनी त्याला पाटावर बसवलं आणि समोरची लांबलचक पत्र्याची भिंत दाखवली. “ततं आमची खारी व्हती. बुजवली नं वरती गोदाम बांधलं. आता आमी...” त्या थांबल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “आता आमी जालं कुठं टाकाचं?”

जेवायला बोंबील होते, उरणच्या बाजारातून विकत आणलेले. खाडीकाठच्या घरात विकतचे मासे, याची उन्नतीला रोजच्यासारखी चीड आली.

“काटा काढता येतो का?” तिनं त्याच्या ताटाकडं बघत विचारलं.

“बोलता येतं तेवढं नाही येत.”

तिनं त्याचं ताट ओढून घेतलं आणि काटे काढून दिले. तो ताटाकडं बघत नव्हता, हे तिला मान वर न करताही कळत होतं.

परतताना बारीक पाऊस लागला होता. रस्त्याच्या कडेला कंटेनरचे ट्रेलर उभे होते आणि दोघं एकाच छत्रीतून, एकमेकांना धक्का लागू न देता चालले होते.

“‘आता आमी’ म्हणून त्या थांबतात ना,” स्वानंद म्हणाला, “रेकॉर्डिंगमध्येही तसंच आहे. मला ती रिकामी जागा वाटली. मी कापली.” उन्नतीनं छत्री थोडी त्याच्या बाजूला केली.

विभागाच्या वार्षिक कार्यक्रमात तिचा रिपोर्ट वाजला. विभागप्रमुखांनी स्वानंदला सांगितलं होतं, त्याच्या आवाजातली धुतलेलीच फाईल लावायची. पण सभागृहात मालतीबाईंचा आवाज आला... त्या थांबल्या, तेही ऐकू आलं. मागच्या रांगेत बसलेल्या उन्नतीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग विभागप्रमुख चिडून स्टेजवर गेले आणि स्वानंद माईकमध्ये म्हणाला, “माफ करा, चुकून दुसरी फाईल लागली.”

उन्नतीनं त्याला जिन्यात गाठलं.

“चुकून?”

“उन्नती, तुझे मार्क कापले असते. मी म्हटलं, माझ्यावर घेतो...”

“कुणी सांगितलं होतं घ्यायला? माझ्या आत्याचा आवाज चुकून लागला? चूक आहे ती?” तिचा आवाज फाटला. “सरांनी तिला नुसतं पुसलं होतं. तू चारचौघांत माफी मागितलीस तिच्याबद्दल.”

स्वानंदचा चेहरा उतरला. तो वळला आणि थेट विभागप्रमुखांच्या खोलीकडं गेला. उन्नती एक क्षण उभी राहिली, मग त्याच्या मागोमाग आत शिरली. फाईल मुद्दाम लावली, असं त्यानं सांगितलं. ती म्हणाली, मूळ रिपोर्ट असाच आहे आणि मी तो बदलणार नाही. दोघांनाही भरपूर ऐकून घ्यावं लागलं. स्वानंदकडून स्टुडिओची किल्ली काढून घेतली. उन्नतीला रिपोर्ट पुन्हा करायला सांगितलं. ती “नाही” म्हणाली, तेव्हा विभागप्रमुखांनी मार्क शून्य धरले.

बाहेर बसस्टॉपवर दोघं उभे होते. तिचा राग अजून शांत झाला नव्हता. विभागप्रमुखांवर होता, गोदामावर होता, शेजारच्या या मुलावरही थोडा होता – आणि त्या रागाच्या खाली जे होतं, ते तिला प्रमाण मराठीत सांगताच येईना.

“मना तू आवरतस,” ती रस्त्याकडं बघत म्हणाली.

“मी? तुला?” स्वानंद गोंधळला. “तुला कुणी आवरू शकेल असं वाटत नाही मला.”

उन्नतीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

“थांब,” तो हळूच म्हणाला. “घोड्याला तुम्ही घोरा म्हणता ना?”

“हो.”

“म्हणजे ‘ड’चा ‘र’... म्हणजे ‘आवड’...” तो अडला. विभागाच्या त्या लाडक्या आवाजाला पुढचा शब्दच मिळेना.

“मना... मना बी तू आवरतस,” त्यानं कसंबसं म्हटलं. त्याच्या तोंडी ते इतकं घासूनपुसून आलं, की दिवसभरात पहिल्यांदाच उन्नतीला हसू फुटलं. तिनं त्याचा हात धरला. समोर बस येऊन थांबली, आणि कुणीच चढत नाही असं बघून निघून गेली.