पहिली वेलांटी

रंगारी शिडीवर चढला तेव्हा मैदानामागच्या भिंतीवर सकाळचं ऊन नुकतंच उतरलं होतं. खाली बाई उभ्या होत्या, मिटलेली छत्री काठीसारखी टेकवून. भिंत निळी, तिच्यावर पांढरी नावं. फुटबॉल क्लबची जी माणसं गेली, त्यांची.

"दीर्घ काढ हं," बाई म्हणाल्या. "दुसरी वेलांटी. त्यानं जन्मभर चुकवली, निदान भिंतीवर तरी नीट असू दे."

"बाई, मलाही तुम्हीच शिकवलंत. तुम्ही मागे उभ्या असलात की अजून पाठीला घाम येतो."

त्यानं ठळक लिहिलं: वीज.

सगळे त्याला वीजच म्हणत. नाव शाळेतच पडलेलं. मैदानावर डाव्या कडेनं पळायचा, वर्गात डाव्या हातानं लिहायचा आणि लिहिता लिहिता तळहाताच्या कडेनं आपलंच अक्षर फासत जायचा. पाटीवर कायम 'विज'. 'बाई' लिहायला सांगितलं तर 'बाइ'. बाईंनी कान धरला की म्हणायचा, "वीज आधी दिसते, आवाज मागून येतो. मग वेलांटीही आधीच नको का? आणि दीर्घ काढायला वेळ कुणाला आहे!"

त्या उत्तरावर बाईंनी हसून कान सोडून दिला होता. पुढे तो मोठा खेळाडू झाला आणि बाईंनी त्याचा एकही सामना चुकवला नाही.

शेवटचाही नाही. चेंडू घेऊन निघाला होता. कुणाचा धक्का नाही, पाय अडकला नाही. नुसता गवतावर पडला. बाईंच्या हातात थर्मासचं झाकण होतं. "उठेल आता," त्या शेजारी बसलेल्या भाचीला म्हणाल्या होत्या. तो उठला नाही.

रंगारी खाली उतरला. "खाली पुष्कळ जागा उरली, बाई."

"उरू दे. कुणाला घाई नाहीये."

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याचा फोन आला. "बाई, जरा येऊन जाता का?"

भिंतीवर 'विज' होतं.

उजवीकडची रेघ डावीकडे गेली होती. खरवडल्याची खूण नाही, वरून निळा हात मारल्याचा डाग नाही. जणू पहिल्यापासून तशीच होती.

"माझा हात कापतो, कबूल," रंगारी म्हणाला. "पण इतका नाही."

"कुणाचा तरी वाह्यातपणा," बाई म्हणाल्या. त्यानं दुरुस्त केलं. रंग वाळेपर्यंत बाई तिथंच पायरीवर बसून राहिल्या. घरी आल्यावर भाचीनं सगळं ऐकून घेतलं. "मावशी, गेला बिचारा. आता तरी पास कर की त्याला!"

सकाळी पुन्हा 'विज'.

रंगाऱ्यानं शिडी खांद्यावर घेतली. "मला नका सांगू आता. त्याला तसंच हवं असेल."

"चुकीचं हवं असतं का कुणाला? शिकवायला कुणी बसत नाही, म्हणून चुकतं."

दुपारी बाई एकट्याच गेल्या. मैदान रिकामं होतं. गोलच्या जाळीत वारा नव्हता. पर्समध्ये खडू असायचाच. शेजारची पोरं अजून शिकायला येत. भिंतीपाशी त्या वाकल्या आणि लहान मुलासाठी लिहावं तसं, खाली, हाताला येईल अशा उंचीवर त्यांनी लिहिलं: वीज. खाली दोन ओळी आखल्या. कित्ता.

"हे बघ," त्या हळूच म्हणाल्या. "सावकाश काढ. आता कुठं पळायचंय तुला?"

खडू भिंतीच्या कडेला ठेवला. डोळे पुसले. आपल्याच वेडेपणाचं त्यांना हसू आलं. त्या फाटकाकडे निघाल्या.

मागे खडूचा आवाज झाला.

कर्र... कर्र. थांबत थांबत.

बाई वळल्या. भिंतीपाशी कुणी नव्हतं.

पहिल्या ओळीत लिहिलं होतं: वीज. दुसरी वेलांटी, लांब, नीट. अक्षर तळहाताच्या कडेनं फासलेलं.

बाई परत भिंतीपाशी आल्या. वर्गातली सवय, शब्द आपोआप तोंडून गेले.

"शाबास. आता पुढचा शब्द घे. तुझ्या मनानं."

खडू जागेवर नव्हता.

मैदानात काहीच हललं नाही. दूर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि वाकल्या.

दुसरी ओळही भरली होती.

बाई.

ई दीर्घ. एकही चूक नव्हती.