दहा हजारांवर उघडणारा हात

ज्या वैमानिकाबरोबर माझा सराव ठरला होता त्याला कांजिण्या झाल्या, म्हणून त्याच्या जागी कंपनीची दुसरी वैमानिक, नोएलानी, आली. सिम्युलेटरच्या उजव्या खुर्चीत बसून तिनं पट्टा आवळला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तूच का तो ऑस्ट्रेलियावाला? चल, उडव. माझं जेवण राहिलंय."

मी केर्न्सचा. तिथली माझी कंपनी बंद पडली होती. इथं होनोलुलूत एक छोटी विमान कंपनी मला घ्यायला तयार होती, पण ऑस्ट्रेलियाचं लायसन्स चालणार नव्हतं, अमेरिकेचं हवं होतं. कागदपत्रं झाली, लेखी परीक्षा झाली. राहिली होती फक्त सिम्युलेटरमधली परीक्षा. तीत नापास झालो असतो तर कंपनी माझ्यासाठी थांबणार नव्हती. परत जावं लागलं असतं.

उडवता मला येत होतं. नडत होता तो हात. आमच्याकडे विमान चढताना दहा हजार फुटांवर उंचीमापकाचा नॉब फिरवून तो ठरलेल्या दाबावर लावतात. अमेरिकेत तेच काम अठरा हजारांवर. मला हे पाठ होतं, हाताला नव्हतं. आणि दहा हजारांवर शेजारच्या वैमानिकानं आकडा पुकारायचा, ही तर इथली पद्धतच.

"दहा हजार," नोएलानी म्हणाली.

माझा हात नॉबवर गेला.

"अरे बाबा, मी उंची सांगितली. नॉबचा कान पिळायला नाही सांगितलं!"

"हात जातो गं... मी नाही जात."

"मग सांग त्याला, परीक्षा तुझ्या नावावर आहे."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती मला शहरालगतच्या मानोआत बर्फाचा गोळा खायला घेऊन गेली. उन्हातच भुरभुर पाऊस पडत होता. तिच्या केसांवर थेंब बसले होते आणि मी तेच बघत होतो. तेवढ्यात ती कानाशी म्हणाली, "दहा हजार."

हात उठला. तिनं त्यात गोळ्याचा कप ठेवला.

"थांबत नाही ना तो? मग त्याला दुसरं काम दे."

त्यानंतर ती कुठंही 'दहा हजार' म्हणायची — सिग्नलला, वाळूत, तिच्या पुआ आंटीच्या स्वयंपाकघरात. हात उताणा झाला की त्यात काहीतरी पडायचं. कधी मुसुबीचा भातगोळा, कधी गाडीची किल्ली, एकदा तर वाळूनं भरलेली तिची चप्पल.

"हा मुलगा सारखा हात काय पसरतो?" आंटी म्हणाली. "ह्याला घरी जेवायला घालत नव्हते का?"

तोवर मला नोएलानीला काही सांगायचं होतं. पण जो उद्या परत जाईल त्यानं कुणाला अडकवू नये, असं मला वाटायचं.

"काय ते बोल की," एकदा तीच म्हणाली. "माशासारखं तोंड उघडतोस आणि मिटतोस."

"परीक्षेनंतर बोलतो."

"आणि नापास झालास तर?"

"तर... नाही बोलणार."

 ती म्हणाली, "मग नीट उडव."

परीक्षेला परीक्षक ओकुडासाहेब मागं बसले होते. फार कमी बोलणारा माणूस. विमान चढू लागलं. 

"दहा हजार," नोएलानी म्हणाली. अगदी सरळ आवाजात.

हात उठला. मला दिसत होता, पण थांबवता येत नव्हता. नॉबच्या अलीकडे तो थांबला... उताणा झाला... आणि तसाच उघडा राहिला. कपाची वाट बघत.

नोएलानी समोर बघत होती, पण तिची हनुवटी हसण्यानं थरथरत होती. मी हात मागं घेतला. नॉब फिरवला तो अठरा हजारांवरच.

सगळं संपल्यावर ओकुडासाहेब म्हणाले, "पास. फक्त एक सांग. मध्येच हात कशाला पसरलास?"

"बर्फाच्या गोळ्यासाठी, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बरं," म्हणाले आणि निघून गेले.

बाहेर आलो. गाड्या लावायच्या जागेच्या कडेला कट्ट्यावर बसलो. किती दिवसांनी पोटभर श्वास आला. ती शेजारी येऊन बसली.

"आता बोल."

मी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. ती वाट बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "दहा हजार."

हात उघडला. ह्या वेळी तिच्याकडे कप नव्हता, किल्ली नव्हती. तिनं त्यात स्वतःचा हात ठेवला.

"झालं," ती म्हणाली. "बोललास."

बरीच वर्षं आम्ही एकत्र काढली. नोएलानी आता ह्या जगात नाही. मी अजून उडतो. विमान चढताना शेजारून 'दहा हजार' ऐकलं की माझा हात आजही उताणा होतो.

"काय हवंय, कॅप्टन?" सहवैमानिक विचारतो.

"काही नको," मी म्हणतो. "मिळालंय."