बादलच्या पेटीला कुलूप

"मॅडम, तुमचा माणूस चोर निघाला. ड्रिल मशीन त्याच्याच पेटीत सापडली. आता पोलिसायले फोन लावतो, अन् सोमवारचे दोघंही नको मले!"

"अर्धा तास थांबा, किसनराव. मी निघालेच."

तुरुंगातून सुटणाऱ्यांना काम मिळवून देणं हे रजनीताईंचं काम. मारेगावच्या फर्निचर कारखान्याचे मालक किसनराव राजी व्हावेत म्हणून त्यांनी वर्षभर उंबरे झिजवले होते. सोमवारी आणखी दोघं सुटणार होते, तेही याच नोकरीच्या भरवशावर.

कामगारांच्या खोलीत बादल राठोड भिंतीला टेकून उभा होता. समोर त्याची पत्र्याची पेटी, कडीत नवंकोरं कुलूप उघडं लटकलेलं.

"चावी कुठे मिळाली?"

"त्याच्याच सदऱ्यात, खुंटीवर," सुपरवायझर स्वानंद म्हणाला. "मालकांसमोर कुलूप उघडलं."

"बादल, कुलूप कधी घेतलंस?"

"माह्यं नाही ते. आठ वर्षं कुलपामागं काढली मॅडम, आता पेटीले कायले लावू?"

"बोलायला काय जातंय!" स्वानंद हसला.

त्या हसण्याची रजनीताईंना चीड आली. त्यांनी पेटीत डोकावून पाहिलं आणि चहावाल्या लालीबाईंना बोलावलं.

"पेटीत हा साखरेचा डबा कसा?"

"बाहेर मुंग्या लागतात ना. चारच्या चहाले मीच काढली साखर. पेटी रोज उघडीच राह्यते, सगळ्यायले ठाऊक हाय."

"तेव्हा आत ड्रिल होती?"

"नाही जी. डबा अन् दोन कपडे."

"सगळे इथेच चहा घेतात?"

"हो. स्वानंदसायबाचा तेवढा हापिसात नेऊन द्यावा लागते."

"किसनराव, झडती कधी घेतली?"

"साडेचारले. ड्रिल गायब झाली, हे स्वानंदनंच सांगितलं."

रजनीताईंनी कुलूप हातात घेतलं.

"म्हणजे चारला नसलेलं कुलूप साडेचारला पेटीवर होतं. चोर माल दडवून कुलूप लावणारच, असं कुणाला तरी वाटलं. पेटी रोज उघडी असते हे इथे चहा पिणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. माहीत नाही तो ऑफिसात चहा पिणारा. नव्या कुलपाला दोन चाव्या येतात. एक सदऱ्यात निघाली. दुसरी?"

स्वानंदचा हात आपसूक पँटच्या खिशावर गेला. त्यानं तो झटकन खाली घेतला, पण किसनरावांनी पाहिलं होतं. त्यांनी खिसा रिकामा करायला लावला. चावी कुलपात बरोबर बसली.

"मेहुण्याला कामाला लावायचं होतं इथं," स्वानंद पुटपुटला. "सोमवारी हे दोघं आले असते, तर जागा उरली असती का?"

किसनरावांनी त्याला तिथल्या तिथे गेटबाहेर काढलं. मग ते बादलकडे वळले. "चुकलं बाबा माह्यं. लाग कामाले. मॅडम, पाठवा सोमवारी दोघायले."

बादल जागचा हलला नाही.

"मालक, पेटीले हात लावायच्या आधी मले एकदा काहून नाही इचारलं?"

किसनराव खाली वाकून पेटीचं झाकण लावू लागले.

"जाऊ द्या," बादल म्हणाला. "सोमवारी येतील, त्यायले तरी आधी इचारजा."